गल्लीतील झाडे बदलताना ज्येष्ठांचे मत हवेच

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील अनेक वसाहतींत एक प्रश्न उभा राहतो. रस्त्याकडेचा गुलमोहर कलला आहे, रेन ट्रीची फांदी मोटारीवर कोसळली आहे, मुळांनी पदपथ उचलला आहे. मग ही जुनी झाडे काढून नवी लावावीत का? वाहने उभी करण्याची जागा, विजेच्या तारा आणि गटारे यांचा हिशेब करून बहुधा याचे उत्तर ठरवले जाते. त्या हिशेबात आपले आरोग्यही धरले जावे, यासाठी ज्येष्ठ वाचकांनी व त्यांची काळजी घेणाऱ्यांनी या चर्चेत आवर्जून बोलले पाहिजे.

सावलीचे मोल

वय वाढते तशी घाम येऊन शरीर थंड होण्याची क्षमता घटते आणि तहानेची जाणीवही मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. त्यामुळे दुकानापर्यंतच्या वाटेवर सावली नसेल, तर उन्हाळ्यात चालणे बंद पडते आणि चालणे बंद पडले की पायांतील बळही ओसरते.

जपानमधील टोकियो शहरात 3,000 हून अधिक वृद्धांची पाच वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घराजवळ चालण्याजोगी उद्याने व झाडांनी वेढलेले रस्ते होते, त्यांच्यात जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. अमेरिकेत एका कीटकाने ॲश जातीची असंख्य झाडे मारली. त्या भागांत हृदयविकाराने व श्वसनविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अशा पाहण्यांतून झाड हेच एकमेव कारण असल्याचे सिद्ध होत नाही. तरीही त्यांनी दाखवलेली दिशा दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

प्रत्येक झाड वाचवावेच का?

तसेही नाही. खोडाच्या बुंध्याशी अळंबी उगवणे, झाड अलीकडेच कलू लागणे, कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाची माती भेगाळून उचलली जाणे, मोठ्या फांद्या वाळणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसल्यास महानगरपालिकेच्या उद्यान विभागास लगेच कळवावे. अनेकदा दोष झाडाचा नसून त्याच्या पायाशी ओतलेल्या काँक्रीटचा असतो. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी केल्याने आणि जाणकाराकडून समतोल छाटणी करून घेतल्याने काही झाडे आणखी बरीच वर्षे टिकतात. म्हणून आपला पहिला प्रश्न असावा : या झाडाची तपासणी कोणी व कशी केली?

आपली आठवण हाही पुरावा

महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी 1975 पासून कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही. तोडण्याच्या प्रस्तावाची सूचना झाडावर लावली जाते आणि नागरिकांना मुदतीत लेखी हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली.

झाडाचे वय सर्वांत चांगले कोण सांगू शकेल? वसाहत उभी राहताना ते रोप लावलेले ज्यांनी पाहिले, तेच. मुलाच्या मुंजीच्या वा गृहप्रवेशाच्या जुन्या छायाचित्रात ते झाड दिसत असेल, तर त्याची प्रत हरकतीच्या अर्जास जोडावी. नवी झाडे दूरच्या मोकळ्या भूखंडावर लावली गेली, तर आपल्या गल्लीत ऊनच उरते. म्हणून शक्य तितकी झाडे याच रस्त्यावर लावावीत, अशी मागणी अर्जात स्पष्ट लिहावी.

नवे झाड निवडताना

ज्येष्ठांच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उन्हाळ्यातील पाने. बहावा फुलला की डोळे निवतात, पण ऐन उन्हात त्याची पाने विरळ असतात. कडुनिंब व करंज मात्र एप्रिलपर्यंत नव्या पानांनी भरून दाट सावली धरतात. दुसरी, पायाखालचा निसरडेपणा. जांभळाचा सडा पदपथावर पडला की घसरून माकडहाड वा खुबा मोडण्याची भीती असते. अशी झाडे मैदानाच्या कडेला शोभतात. तिसरी, श्वास. सप्तपर्णीचा शरद ऋतूतील उग्र दरवळ दम्याच्या काही रुग्णांना सोसत नाही. तारांखाली कांचन वा ताम्हण लावावे. जागा मोठी असल्यास कडुनिंब, करंज वा बकूळ लावावी.

टप्प्याटप्प्याने बदल

लावलेल्या रोपाची भरघोस सावली मिळण्यास आठ-दहा वर्षे तरी लागतात. सत्तरीतील माणसासाठी हा काळ लहान नाही. म्हणून सारी रांग एकदम तोडू नये. धोकादायक झाडे आधी काढून तेथे उंच रोपे लावावीत. ती वाढू लागल्यावर पुढील झाडांचा विचार करावा. रोपांना पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हेही सभेतच ठरावे.

काळजीवाहकांनो, एवढे करा

सभा तळमजल्यावर आणि ऊन उतरल्यावर ठेवण्याचा आग्रह धरा. जे येऊ शकत नाहीत, ते कोणत्या वाटेने चालतात, कोठे टेकतात, खिडकीतून कोणते झाड पाहतात, हे विचारून लिहून न्या. तोडणीच्या दिवशी धूळ व आवाज टाळण्यासाठी खिडक्या लावून घ्या आणि फिरण्याची वाट आधीच बदला. सावली परत येईपर्यंत फिरणे सकाळी नऊच्या आत उरकावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर उन्हाळ्यात किती पाणी द्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

चाळीस वर्षे सोबत असलेले झाड गेल्यावर घरातील वृद्ध गप्प झाले, तर ‘एका झाडाचे काय एवढे’ असे म्हणू नका. त्यांना त्या झाडाविषयी बोलू द्या. जमल्यास नव्या रोपाला पहिले पाणी त्यांच्याच हातून घाला.