कुंपणावरची कण्हेर

अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला, पालेगावसारख्या भागात नव्या वसाहती उभ्या राहिल्या, की इमारतीला रंग लागण्याआधी एक काम हमखास होतं. कुंपणाच्या कडेनं कण्हेर लावली जाते. गुलाबी, पांढरी, लाल. महामार्गांच्या दुभाजकांवरही तीच. पाणी कमी पडलं तरी ती तग धरते, फांदी खोचली तरी रुजते आणि शेळी तिला तोंड लावत नाही.

हे तिला जमतं कसं? कण्हेरीचं पान जाड आणि चिवट असतं. पानाची श्वासरंध्रं खालच्या बाजूला, लव असलेल्या लहान खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे भर उन्हातही पाणी फारसं उडून जात नाही. आणि शेळी दूर राहते ती तिच्या कडूपणामुळे. हा कडूपणा म्हणजेच तिचं विष.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर, पण तिला 'अश्वमारक' असंही म्हणतात. अश्वमारक म्हणजे घोड्याला मारणारी! तिच्या पानात, फुलात, खोडात, मुळात, सगळीकडे ओलिअँड्रिनसारखी द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियम यांची ये-जा सांभाळणारी यंत्रणा ती अडवतात. आधी मळमळ, उलट्या, पोटदुखी होते, मग भोवळ येते, नाडी मंद आणि अनियमित होते. हृदयरोगावरचं डिजॉक्सिन हे औषधही याच पद्धतीनं काम करतं. फरक आहे तो मोजून दिलेल्या मात्रेचा.

पिवळ्या फुलांची कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, हे वेगळं झाड. ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. तिच्या बिया घेऊन मुलं खेळत आली आहेत, पण त्या बिया अतिशय विषारी असतात. श्रीलंकेत 1980 च्या दशकापासून या बियांमुळे झालेल्या विषबाधांनी डॉक्टरांची मोठी परीक्षा पाहिली आहे.

केरळमध्ये 2024 च्या मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळानं प्रसादात आणि नैवेद्यात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. त्याआधी एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेर चघळल्याचा संशय व्यक्त झाला होता. आपल्याकडेही शंकराला कण्हेर वाहतात. जरूर वाहावी, पण ते फूल तीर्थात किंवा प्रसादाच्या ताटात पडू देऊ नये.

मग कण्हेर तोडून टाकायची का? तशी गरज नाही. नुसत्या स्पर्शानं सहसा काही होत नाही. हबशी नावाच्या फुलपाखराच्या अळ्या तर हीच पानं खाऊन वाढतात आणि पानाखाली त्यांचे चंदेरी-सोनेरी कोष लटकताना दिसतात. पण काही पथ्यं पाळायला हवीत. लहान मुलांच्या खेळाच्या जागेला लागून कण्हेर, बिट्टी लावू नये. छाटणी केल्यावर हात धुवावेत. छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. वाळलेल्या पानांचा कडूपणा कमी होतो, विष मात्र राहतं. त्या जाळूही नयेत, कारण धूरसुद्धा घातक असतो.

कुणाच्या पोटात पान, फूल किंवा बी गेलंच, तर घरगुती उपाय करत बसू नये. झाडाची डहाळी सोबत घ्यावी आणि थेट रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना झाड ओळखता आलं, की उपचारांची दिशा लवकर ठरते.