रात्रीच्या तीन ओळी

मंडळी, दुकानदार रात्री दुकान बंद करण्याआधी काय करतो? वही उघडतो. दिवसभरात काय आले आणि काय गेले, ते लिहितो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. एकच बाजू लिहिली, तर धंद्याचा खरा हिशेब कळत नाही.

मनाचेही तसेच आहे. पण मन हा मोठा लबाड कारकून आहे. खर्चाची बाजू तो बारीकसारीक लिहून ठेवतो. जमेची बाजू कोरी सोडतो.

पटत नाही? मग कालचा दिवस आठवा. कोणी टोचून बोलले असेल, तर ते शब्द जसेच्या तसे आठवतील. पण दुपारी उन्हातून आल्यावर पाण्याचा तांब्या कोणी पुढे केला? ते आठवायला वेळ लागेल. पायात काटा मोडला, की सारे लक्ष त्या पायाकडे. दुसरा पाय धड आहे, हे कोणाच्या ध्यानात येते?

मनाची जुनी खोड

ही खोड आपल्या एकट्याची नाही. सगळ्या माणसांची आहे. मनाचा अभ्यास करणारे तिचे कारण असे सांगतात. फार पूर्वी माणूस रानात राहत होता. फळाचे झाड विसरला, तर एक वेळ उपाशी राही. वाघाची जाळी विसरला, तर जीवच जाई. म्हणून वाईट गोष्ट आधी ध्यानात ठेवायची, ही सवय मनाला लागली.

आता वाघ दाराशी नाही. पण सवय राहिली. अंथरुणावर पडले, की एकेक गोष्ट पुढे येते. कर्जाचा हप्ता. पोरीचे लग्न. रुसलेला भाऊ. कूस बदलून बदलून रात्र सरते. सकाळी उठावे, तर अंग जड आणि डोके तापलेले.

यावर एक साधा उपाय आहे. त्याला एक वही आणि एक पेन्सिल पुरते. रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. आज काय चांगले झाले? आणि ते कोणामुळे किंवा कशामुळे झाले? बस, एवढेच.

हे कोणी करून पाहिले आहे का?

पाहिले आहे. अमेरिकेत एमन्स आणि मॅक्‌कुलो नावाचे दोन अभ्यासक आहेत. त्यांनी आपला अभ्यास २००३ साली छापला. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने दर आठवड्याला आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. तिसऱ्याने नुसते काय घडले ते लिहिले. सुमारे दहा आठवडे हे चालले. चांगले लिहिणाऱ्यांना आपले जगणे इतरांपेक्षा बरे वाटू लागले होते.

मग त्यांनी स्नायूंचा आजार असलेली माणसे घेतली. त्यांतल्या काहींनी २१ दिवस रोज असे लिहिले. त्यांचा आजार गेला नाही. पण त्यांना झोप जास्त आणि चांगली लागू लागली.

पुढे २००५ साली सेलिगमन आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी एक अभ्यास छापला. त्यात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, कारणासकट. त्याचा गुण सहा महिन्यांनीही दिसला. जे आठवडा संपल्यावरही आपणहून लिहीत राहिले, त्यांना तो अधिक टिकला.

नंतर असे अभ्यास पुष्कळ झाले. बहुतेकांचा सूर एक आहे. फायदा होतो, पण थोडा होतो. ही जादू नव्हे. रोज थोडे पाणी घातले, तर रोप जगते. तसे हे आहे.

आणि ही रीत आजची नाही. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी रोममध्ये मार्कस ऑरेलियस नावाचा बादशहा होता. लढाईच्या छावणीत बसून तो स्वतःसाठी वही लिहीत असे. त्या वहीचे १२ भाग आहेत. पहिल्या भागात त्याने काय लिहिले? आजोबांकडून काय मिळाले, आईकडून काय मिळाले, गुरूंकडून काय मिळाले, याची यादी! एवढा मोठा बादशहा, पण जमेची बाजू लिहायला तो लाजला नाही.

लिहायचे कसे?

लहान गोष्टी लिहा. मोठ्या गोष्टी रोज घडत नाहीत. म्हैस व्याली, हे वर्षातून एकदा. पण भाकरी छान फुगली, हे रोज घडू शकते.

नेमके लिहा. “सगळे ठीक आहे” असे लिहिले, तर मनाला काहीच लागत नाही. काय झाले ते लिहा.

कोणामुळे ते लिहा. माणसाचे नाव किंवा नाते लिहिले, की त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. आपण एकटे नाही, हे कळते.

एक पान असे असू शकेल :

*सोमवार. मोटर बंद पडली. शेजारच्या आबांनी त्यांच्या विहिरीचं पाणी दिलं. कांद्याची रोपं वाचली.*

*अंग दुखत होतं. सुनेनं न सांगता पाणी तापवून दिलं.*

*नातवानं पाटीवर माझं नाव लिहिलं. मला ते वाचता आलं.*

अक्षर वाकडे आले तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. पण ही वही कोणी तपासायची नाही. ती तुमची आहे.

रोज लिहून कंटाळा आला, तर आठवड्यातून दोनदा लिहा. पण तेच तेच उतरवू नका. मन लावून लिहा.

ही वही कशासाठी नाही?

हे नीट वाचा. चांगले लिहायचे, म्हणजे वाईट सोसायचे असे नव्हे.

कोणी तुमची मजुरी बुडवली, तर त्याचे उपकार लिहू नका. दुसऱ्या पानावर किती दिवस काम केले, किती पैसे येणे आहेत, ते तारखेसह लिहा. मग ते मागा. घरात मार खाणाऱ्या बाईला “जे आहे त्यात समाधान मान” असे सांगणारा तिचे भले करत नाही. तिला आधार हवा आणि कायदाही हवा.

घरात मृत्यू झाला, तर रडू यावे हेच खरे. तेव्हा ही वही कोणाच्या हातात कोंबू नये. आणि मन आठवडेच्या आठवडे काळोखात असेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर नुसत्या वहीवर राहू नका. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ फोन आहे. तो २०२२ साली सुरू झाला. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. ताप आला तर दवाखान्यात जातो ना? मग मन आजारी पडल्यावर लाज कसली?

दुसरा लाभ

तुम्ही कष्टाने अक्षरे शिकलात. पण शेत पडीक राहिले, की त्यात तण माजते. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे लिहू-वाचू लागली. पण पुढे ज्यांच्या हाती पुस्तक किंवा पेन्सिल राहिली नाही, त्यांतले पुष्कळजण अक्षरे विसरले. रोज तीन ओळी लिहिणाऱ्याची अक्षरे कशी पुसली जातील?

तोंडानेही सांगा

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. “घरच्याला कसले आभार?” असे म्हणतो. सुनेला “धन्यवाद” म्हटले, तर ती हसेल! मग नुसते एवढे म्हणा, “काल तू पाणी तापवून दिलंस, रात्री झोप लागली बघ.” तिला सगळे कळेल. वहीतली एखादी ओळ अशी त्या माणसापर्यंत पोचू द्या.

आज हे करा

एक कोरी वही घ्या. मुलाची जुनी, अर्धी भरलेली असली तरी चालेल. ती उशाशी ठेवा. आज निजण्याआधी वर वार घाला आणि या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा :

१. आज मला कोणी मदत केली?

२. आज कोणती गोष्ट नीट पार पडली? कशामुळे?

३. आज काय पाहून किंवा काय ऐकून बरे वाटले?

सात दिवस लिहा. आठव्या दिवशी सातही पाने घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.