मापाची क्यू

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स या तिन्ही खेळांत खेळाडूचे हत्यार एकच, क्यू. पार्लरच्या भिंतीला लावलेल्या क्यू सगळ्यांच्या असतात. कुणाची टीप, म्हणजे चेंडूला लागणारे टोक, घासून चपटी झालेली, कुणाचा बट, म्हणजे मागचा जाड भाग, हातांच्या घामाने काळवंडलेला, एखादी तर डोळ्यांना दिसेल इतकी वाकलेली. खेळ अंगात मुरला की खेळाडूला स्वतःची क्यू हवीशी वाटू लागते. बहुतेक जण दुकानातली तयार क्यू घेतात आणि त्यात काही वावगे नाही. थोडे जण कारागिराकडून आपल्या मापाची करवून घेतात. हा दुसरा व्यवहार महाग असतो, लांबतो आणि बऱ्याचदा रुसव्याफुगव्यात संपतो. तरीही गिऱ्हाईक त्याच्याकडे वळायचे थांबत नाही.

खेळाचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाल्याचे मानले जाते. नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर तो जमा आहे, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेतेपद मिळवले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जगज्जेते झाले. बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातलाच. क्यू घडवणाऱ्यांची नामांकित नावे मात्र इंग्लंड-अमेरिकेतली. याचे एक साधे कारण लाकडात आहे. स्नूकरच्या क्यूला लागणारे अ‍ॅश आणि पूलच्या क्यूला लागणारे कठीण मेपल ही दोन्ही थंड मुलखातली झाडे. इथल्या कारागिराला ते लाकूड बाहेरून आणावे लागते, आणि चांगले चांगले आधी तिकडेच निवडले गेलेले असते.

ऑर्डर देणाऱ्याला पहिल्यांदा ठरवावे लागते ते आपण कोणता खेळ खेळणार हे. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा. म्हणून पूलच्या क्यूची टीप साधारण १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते, तर स्नूकरची ९ ते १० मिलिमीटर. पूलची क्यू सहसा मध्यावर दोन तुकड्यांत सुटते. स्नूकरची बरेचदा बटाकडे, तीन चतुर्थांश लांबीवर. टिपेखालची कडी, म्हणजे फेरूल, स्नूकरमध्ये पितळी, पूलमध्ये बहुधा कृत्रिम पांढऱ्या पदार्थाची. पूलच्या क्यूचे वजन साधारण १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. स्नूकरची त्याहून थोडी हलकी. जिल्ह्याच्या गावातल्या पार्लरमध्ये दोन्ही टेबले शेजारी शेजारी असली की पोरे एकाच स्टिकने दोन्ही खेळतात. त्या सवयीने ‘दोन्हीला चालेल अशी’ क्यू मागितली तर हाती येणारी वस्तू कोणत्याच खेळाला धड उपयोगी पडत नाही.

कामाला वेळ का लागतो हे गिऱ्हाइकाला बहुधा माहीत नसते. शाफ्टचे, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचे, लाकूड एकदम अंतिम जाडीला उतरवत नाहीत. चौकोनी पट्टी आधी जाडसर गोल करतात आणि उभी टांगून ठेवतात. लाकडातला ताण मोकळा झाला की ते थोडे हलते, कधी वाकते. मग लेथवर अगदी पातळ थर काढून पुन्हा टांगायचे. दोन कापांच्या मध्ये आठवडे जातात, काही कारागीर महिने घालवतात. या काळात वाकलेल्या पट्ट्या बाजूला पडतात. ज्याने घाई केली त्याची क्यू कारखान्यातून सरळ निघते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वाकडी होते.

बटाचे काम त्याहून पाहण्यासारखे. जुन्या पद्धतीच्या स्नूकर क्यूत अ‍ॅशच्या खालच्या टोकाला एका बाजूने तिरका सपाट रंधा मारतात, त्यावर आबनुसाचा तुकडा सरसाने बसवून घट्ट आवळतात. तो वाळला की समोरच्या बाजूला तसेच, मग उरलेल्या दोन बाजूंना. चारही तुकडे चिकटल्यावर टोक चौकोनी ओंडक्यासारखे दिसते. आता हातरंध्याने ते गोल करत आणायचे. सपाट कापलेली पातळी आणि निमुळते गोल लाकूड जिथे एकमेकांना छेदतात, तिथे काळ्या लाकडाची कमान आपोआप उमटत जाते. ती कोणी कोरत नाही. रंधा एका बाजूला जरा जास्त फिरला की त्या बाजूची कमान खाली-वर होते. यंत्राने केलेल्या जोडकामात टोके सुईसारखी अणकुचीदार आणि अगदी सारखी येतात. स्नूकरचे जाणते गिऱ्हाईक हाताच्या कामातला तो किंचित फरक दोष मानत नाही. पूलचे गिऱ्हाईक मात्र उलटे: बटात व्ही आकाराच्या खाचा पाडून बसवलेली टोके एकमेकांपेक्षा केसभर कमीजास्त दिसली तरी ते कारागिराकडे तक्रार घेऊन जाते.

अ‍ॅशच्या शाफ्टवर बाणाच्या टोकासारख्या रेषा दिसतात. पुष्कळ गिऱ्हाइके त्या मोजतात, समान अंतरावर असाव्यात असा आग्रह धरतात आणि त्यासाठी जादा पैसे मोजतात. निशाण साधताना नजर सरळ ठेवायला त्यांची मदत होते असे काही खेळाडू सांगतात. चेंडू खिशात जायला मात्र त्यांचा उपयोग नाही. स्टीफन हेन्ड्रीने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरचे जागतिक विजेतेपद सात वेळा जिंकले, ते लहानपणापासून वापरलेल्या एका स्वस्त क्यूने. ती पुढे २००३ मध्ये विमानप्रवासात मोडली. उलट स्टीव्ह डेव्हिस आणि रॉनी ओ’सुलिव्हन या स्नूकरपटूंनी लंडनचे क्यू-कारागीर जॉन पॅरिस यांच्या हातच्या क्यू वापरल्या. दोन्ही दाखले खरे आहेत, तेव्हा महाग क्यूने खेळ सुधारतो हे कारागिराचे म्हणणे आणि काही फरक पडत नाही हे मित्राचे म्हणणे, दोन्ही अर्धीच खरी.

अमेरिकेत हा व्यवहार संग्रहाकडे झुकला. जॉर्ज बालाबुश्का हा रशियात १९१२ मध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत गेलेला सुतार. १९५९ पासून १९७५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने क्यू केल्या. एकूण हजार-बाराशेच्या घरात असाव्यात असा अंदाज सांगतात. बटासाठी तो बऱ्याचदा ब्रन्सविक कंपनीचे तयार जोडलेले ठोकळे वापरी आणि पुढचे काम स्वतः करी. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात त्याच्या नावाची क्यू कथेत महत्त्वाची आहे; पडद्यावर जी दिसते ती प्रत्यक्षात जॉस कंपनीची. चित्रपटानंतर बालाबुश्काच्या क्यूंना भाव चढला आणि बनावट मालही त्याच पावलांनी आला. तेव्हापासून गिऱ्हाइकांचा एक नवा वर्ग तयार झाला: क्यूने कधीच न खेळणारा, सही, वर्ष आणि मूळ पेटी तपासणारा. नामवंत कारागिरांच्या प्रतीक्षा यादीत पुढचे नंबर अनेकदा या मंडळींचे असतात आणि खेळणाऱ्याला वाट बघावी लागते.

इकडे आमच्या परभणी जिल्ह्यातही मापाने वस्तू करवून घेणे नवे नाही. पेरणीची तिफण सुताराकडून बाभळीच्या लाकडात करून घेत, तेव्हा दोन फणांतले अंतर पिकावरून ठरे, दांडीची लांबी बैलांवरून, रुमण्याची उंची धरणाऱ्या माणसावरून. इसार नव्हता, बलुत्याचे धान्य सुगीला खळ्यावर मिळे. मुदत कागदावर नसली तरी मृगाचा पाऊस दोघांनाही ठाऊक होता. बी सोडायचे चाडे नीट बसले नाही, बी एका फणाला जास्त पडू लागले, तर सुतार त्याच गावात, हाकेच्या अंतरावर. क्यूच्या गिऱ्हाइकाला यातले काहीच मिळत नाही. कारागीर शेकडो कोसांवर, पैसे आधी, मुदत गुळमुळीत, आणि माप फोनवर. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने रातोरात मुंबई गाठून समक्ष क्यू हातात धरून पाहता येते, पण परदेशी कारागिराच्या बाबतीत तीही सोय नाही. बहुतेक भांडणांचे मूळ इथे आहे. लाकडात दोष फार थोड्या वेळा निघतो. ‘जरा जड’, ‘जरा बारीक’, ‘दिवाळीपर्यंत’ अशा बोलण्यात तो नेहमी असतो.

म्हणून मागणी आकड्यांत द्यावी. एकूण लांबी, वजन, टिपेचा व्यास, जोडाचा प्रकार, बटाची जाडी आणि तोलबिंदू ही मापे कारागिराला हवी असतात. तोलबिंदू म्हणजे क्यू एका बोटावर आडवी ठेवली असता जिथे तोलते ती जागा. बटाच्या टोकापासून ती किती इंचांवर हवी ते सांगायचे. ही मापे कल्पनेने काढू नयेत. पार्लरमधली हाताला सर्वांत चांगली बसणारी क्यू घेऊन फीत लावावी, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे, टीप व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. गिऱ्हाईक उंच असेल तर नेहमीच्या ५७-५८ इंचांपेक्षा लांब क्यू लागते, आणि लांबी वाढवली की तोल सरकतो. हे कारागिराला कळते. गिऱ्हाइकाने एक माप बदलून दुसरे तसेच धरून ठेवले की दोघांचे बिनसते.

नक्षीच्या बाबतीत कारागिराचेही चुकते. साधी क्यू मागितलेल्याला तो आपल्या हौसेने जडावकाम करून पाठवतो आणि बिल वाढवतो. काही नामांकित कारागीर तर गिऱ्हाइकाचे चित्र पाहून सरळ नाही म्हणतात. तो नकार प्रामाणिक असतो आणि हो म्हणून दोन वर्षे गप्प बसणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा. पैसे एकरकमी देऊ नयेत. थोडा इसार, बट जोडून झाल्याचे छायाचित्र आल्यावर दुसरा हप्ता आणि बाकी माल हाती आल्यावर, अशी विभागणी मागायला संकोच कशाला? जो कारागीर अर्धवट कामाचे एकही छायाचित्र दाखवायला तयार नसतो, त्याच्याकडे काम सुरू झालेले नसण्याची शक्यता जास्त.

हवामानाचा मुद्दा परभणीकरांसाठी इतरांपेक्षा मोठा आहे. मे महिन्यात इथला पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. महिन्या-दीड महिन्यात पावसाळी दमटपणा येतो. थंडीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला नीचांक राज्यभर बातमीत येतो. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण आडव्या दिशेने हवेतली ओल घेते आणि सोडते. ती एका बाजूने जास्त घेतली-सोडली की शाफ्ट वाकतो. लिव्हरपूलच्या किंवा बँकॉकच्या हवेत मुरलेली क्यू इथल्या उन्हाळ्यात आली तर निदान पंधरा दिवस पेटीत, घरातच राहू द्यावी. कूलरच्या झोताखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ती ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. भिंतीला तिरकी टेकवूनही ठेवू नये. कार्बन फायबरच्या शाफ्टला हा त्रास नाही, आणि केवळ या एका कारणासाठी इथल्या पूल खेळाडूने त्याचा विचार करायला हरकत नाही. हाताला मात्र तो लाकडासारखा लागत नाही.

बाहेरून माल मागवताना साहित्याचे कायदेही आडवे येतात. जुन्या अमेरिकी क्यूंवर हस्तिदंताचे फेरूल आणि जोड सर्रास असत. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, तेव्हा अशी जुनी क्यू कितीही स्वस्तात मिळाली तरी तिच्या वाटेला जाऊ नये. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत. २०१७ पासून ते ज्यात मोडते त्या शिसवाच्या साऱ्या वंशाचा व्यापार नियंत्रणाखाली आला. कारागिराला लाकडाचे नाव विचारावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. सीमाशुल्क मालाची किंमत, भाडे आणि विमा यांच्या एकत्रित रकमेवर बसते, त्यामुळे कारागिराने सांगितलेली किंमत ही शेवटची किंमत कधीच नसते.

क्यू आली की टेबलावर लोळवून पाहण्याची पद्धत आहे. ती फसवी आहे. निमुळती वस्तू लोळताना डगमगली तर दोष शाफ्टचा की जोडाचा हे कळत नाही. दोन्ही तुकडे वेगळे लोळवावेत, मग बटाकडून एक डोळा मिटून टोकाकडे नजर लावावी आणि क्यू हळूहळू फिरवावी. जोडाच्या दोन्ही कडांवरून नख फिरवल्यावर पायरी लागू नये. वजन, लांबी आणि व्यास पुन्हा मोजून त्यांची छायाचित्रे त्याच दिवशी कारागिराला पाठवावीत. खेळायला सुरुवात केल्यानंतर सांगितलेला दोष कोणी मानत नाही. टीप ही झिजायचीच वस्तू, ती बदलणे स्वतः शिकून घेतले तर दर वेळी कुरिअरचा खर्च वाचतो.

भारतातल्या विक्रेत्याशी वाद मिटला नाही, तर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूला थोडाफार आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने वापराचा हेतू सांगून विक्रेत्याच्या कसबावर भिस्त ठेवली असेल तर माल त्या वापरायोग्य हवा. मुदत हा व्यवहाराचा गाभा आहे असे आधीच ठरले असेल तर ती उलटल्यावर करार मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला करार अधिनियम, १८७२ देतो; म्हणून तारीख लेखी हवी, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार गिऱ्हाईक जिथे राहते त्या जिल्ह्यातच करता येते. कारागीर मुंबईचा असो की मेरठचा, परभणीच्या गिऱ्हाइकाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.