नाव नसलेली ठिगळे

वापरून वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून ते हाताच्या टाक्यांनी एकजीव केले की जे अंथरूण-पांघरूण तयार होते त्याला मराठीत गोधडी म्हणतात. कुठे तिला वाकळ हे नाव आहे, तर संस्कृतातील ‘कंथा’ हा तिच्यासाठीचा शब्द बंगालमध्ये ‘काँथा’ होऊन तिथल्या प्रसिद्ध भरतकामाला चिकटला आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या पायथ्यापासून पूर्वेकडील पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांपर्यंत गोधडी नाही असे जुने घर सापडणे अवघड आहे, आणि साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाच्या बोचक्यात भांड्यांच्या बरोबरीने तिचीही जागा ठरलेली असते. या मुलखात तिला एक वेगळा मानही आहे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे आणि ज्या नाथपंथाचे ते सिद्ध, त्या पंथाच्या जोग्याच्या वेशात कंथेला स्थान आहे. कर्जतच्या ग्रामदैवताचे, संत गोदड महाराजांचे, नाव गोधडीचीच आठवण करून देते. आणि चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारीत हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत. तरीही गोधडीबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा काटकसरीच्या अंगाने, आणि त्यामुळे गोधडी हे घरातील गेलेल्या माणसांचे स्मरण जपण्याचे साधन आहे, ही तिची बाजू दुर्लक्षित राहते.

गोधडी शिवण्याचा काळ साधारणपणे होळीनंतरचा, रानातली कामे ओसरलेली असतात तेव्हाचा. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर प्रथम खालचे अस्तर अंथरतात, ते बहुधा जुन्या नऊवारी लुगड्याचे असते. त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे, फाटक्या चादरींचे तुकडे सुरकुती न पडू देता पसरतात, विरलेल्या जागी जास्तीचे ठिगळ ठेवून जाडी सारखी करतात, वरून दुसरे लुगडे घालतात आणि कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग चार बाया चार बाजूंना बसून कडेकडेने धावदोरा घालू लागतात. धावदोरा म्हणजे सुई कापडात खाली-वर करीत सरळ रेषेत पुढे नेणारा अगदी साधा टाका. एक ओळ पुरी झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, असे चौकोनात चौकोन लहान होत जातात आणि शिवणाऱ्या बाया कडेवरून हळूहळू मध्याकडे सरकत एकमेकींच्या जवळ येतात. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो, कुणाचा तांदळाएवढा बारीक, कुणाचा लांबट, आणि जाणती बाई पुऱ्या झालेल्या गोधडीवर बोट फिरवून कोणती बाजू कोणी शिवली ते सांगू शकते. शेजारच्या कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही अशाच ठिगळांच्या ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत.

मृताचे शेवटचे अंथरूण-पांघरूण टाकून देण्याची रीत अनेक घरांत आहे; परंतु त्याने धडधाकट असताना अंगावर वागवलेले धोतर, तिने सणासुदीला नेसलेले लुगडे, हे सहसा टाकवत नाही. ते ट्रंकेत जाते, काही वर्षांनी पुरेसे विरले की बाहेर येते, आणि त्याची जागा गोधडीत ठरते. जन्मलेल्या मुलाला नवे कापड न घालता आजी-पणजीच्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात गुंडाळण्याची पद्धत याच विचारातून आलेली आहे: जुने सूत कोवळ्या कातडीला टोचत नाही हे तिचे व्यवहारी कारण आहे, आणि ज्या पणजीला त्या मुलाने कधी पाहिले नाही तिच्या कापडात ते झोपते, हेही तितकेच खरे कारण आहे.

गोधडी शिवणे हे धार्मिक कृत्य नसल्यामुळे त्याला सोवळ्या-ओवळ्याचा, सवाष्ण-विधवा भेदाचा अडसर नाही, ही गोष्ट वरवर लहान दिसली तरी सामाजिकदृष्ट्या मोलाची आहे. हळदीकुंकू, ओटी भरणे, लग्नातली तेलहळद या प्रसंगी विधवेला मागे सारले जाते. पण गोधडीभोवती बसताना तिच्या हाताला मज्जाव नाही, उलट वयाने आणि अनुभवाने थोरली म्हणून मांडणी तिच्याच सांगण्यावरून होते. हात गुंतलेले आणि नजर कापडावर खिळलेली असताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून विचारल्यावर बोलत नाही, आणि म्हणूनच नवऱ्याचे आजारपण, कर्ज, दिराने अडवलेला सातबारा, या गोष्टी पहिल्यांदा उच्चारल्या जातात त्या बहुधा अशाच बैठकीत. दुःखाला सोबत मिळण्याची ही जागा होती आणि ती स्त्रियांनी कोणाची परवानगी न घेता निर्माण केली होती. मात्र तिची मर्यादाही इथेच आहे. या गोधडीवर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. ठिगळ कोणाचे ते शिवणारीला माहीत असते आणि तिच्यामागे ते विसरले जाते. घरापुरती आठवण जपायला एवढे पुरते, पण अन्यायाचा जाब विचारायचा असेल तर नाव उच्चारावे लागते.

नाव उच्चारणारी गोधडी जगाने पाहिली ती अमेरिकेत. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात, सात वर्षांपूर्वी हत्या झालेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या स्मरणार्थ निघालेल्या मेणबत्ती मोर्चात, क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने सहभागी लोकांना एड्सने गेलेल्या आपापल्या माणसांची नावे पुठ्ठ्यावर लिहायला सांगितली. एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर ते पुठ्ठे शेजारी शेजारी चिकटवले गेले तेव्हा ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसू लागली आणि पुढच्या कामाची कल्पना तिथे रुजली. एड्स म्हणजे एचआयव्ही या विषाणूमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती ढासळून होणारा आजार. त्या काळात त्यावर परिणामकारक औषध नव्हते आणि रुग्णांविषयीची घृणा इतकी होती की कित्येकांच्या अंत्यसंस्कारालाही नकार मिळे. म्हणून प्रत्येक मृतासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याच्या मापाचा, कापडाचा एक तुकडा शिवायचा आणि त्यावर त्याचे नाव घालायचे असे ठरले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी राजधानी वॉशिंग्टनमधील विस्तीर्ण हिरवळीवर असे १,९२० तुकडे अंथरले गेले आणि त्यांवरील नावे एकामागून एक मोठ्याने वाचली गेली. शर्टाचे तुकडे, टोप्या, लहानपणीची खेळणी, पत्रे, असे काहीही त्या तुकड्यांवर शिवलेले असे, आणि ते शिवणाऱ्यांत मृतांचे मित्र व आईवडील होते तसे त्यांना कधीही न भेटलेले स्वयंसेवकही होते. आज त्या गोधडीत सुमारे ५०,००० तुकडे आहेत आणि तिचे वजन ५४ टनांच्या घरात आहे. ज्या राज्यकर्त्यांना हा आजार आकड्यांतच दिसत होता त्यांच्या दारासमोर ती नावांनिशी अंथरली गेली, यातच तिचे बळ होते.

दक्षिण अमेरिकेतील स्त्रियांनी हाच मार्ग त्याआधीच, अधिक धोका पत्करून, धरला होता. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर हजारो माणसे पकडली गेली आणि त्यांतील अनेकांचा पुढे पत्ता लागला नाही. त्यांच्या आया, बहिणी आणि बायका चर्चच्या आश्रयाने सांतियागो शहरात एकत्र बसून गोणपाटावर कापडी तुकड्यांची चित्रे शिवू लागल्या, त्यांना ‘आर्पियेरा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः गोणपाटच. त्या तुकड्यांत बेपत्ता माणसांचे कपडेही असत, आणि ही चित्रे लपवून देशाबाहेर नेली जात व विकली जात, त्यामुळे घरात चार पैसे येत आणि बातमीही जगभर जाई. शेजारच्या अर्जेंटिनात १९७७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या चौकात बेपत्ता मुलांसाठी जमणाऱ्या मातांनी ओळखीची खूण म्हणून डोक्याला पांढरे फडके बांधले. ते सुरुवातीला मुलांच्या लंगोटाचे कापड होते आणि पुढे त्यावर हरवलेल्या मुलांची नावे भरली गेली.

आपल्याकडे परत यायचे तर, एचआयव्हीची झळ महाराष्ट्रानेही फार सोसली, आणि नगर शहरात १९८९ मध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी सुरू केलेली ‘स्नेहालय’ ही संस्था लालबत्ती भागातील स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित बालके यांच्यासाठी उभी राहिली ती समाज त्यांच्या सावलीलाही उभा राहत नव्हता अशा काळात. सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा अमलात आला १० सप्टेंबर २०१८ रोजी. त्याआधी जे गेले त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचे कारण घरच्यांनी दडवले, कारण ते सांगितले असते तर मागे राहिलेल्यांना गावात राहणे कठीण झाले असते. त्यांची लुगडी आणि सदरे कुठल्या ना कुठल्या गोधडीत गेले असतील, पण नावे कुठेच वाचली गेली नाहीत.

याच जिल्ह्यात नाव उच्चारण्याचे काम अलीकडे झाले ते कोरोनाच्या साथीनंतर. राज्यात या साथीने अधिकृत नोंदीनुसार सुमारे १ लाख ४८ हजार बळी घेतले, त्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर गावोगाव तरुण विधवा दिसू लागल्या. अकोले येथील शिक्षक व लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ स्थापन झाली. यातील ‘एकल’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता हे सगळे शब्द स्त्रीला नसलेल्या किंवा सोडून गेलेल्या नवऱ्यावरून ओळखतात, तर एकल म्हणजे एकटीने घर चालवणारी, आणि शब्द बदलताच मागणीही बदलते, सहानुभूतीच्या जागी हक्क येतो. या स्त्रियांच्या याद्या करणे, वारसनोंदी, शिधापत्रिका, पेन्शन यांचे अर्ज भरून घेणे, दीर-सासऱ्यांकडून होणाऱ्या अडवणुकीला वाचा फोडणे, असे काम कार्यकर्त्यांनी केले, आणि त्याच वर्षी शासनाने ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून तालुका पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही तो मार्ग सुचवला.

पुनर्वसन म्हटले की शिलाई यंत्र वाटण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ते चूक नाही, कारण ब्लाऊज-परकर शिवून अनेकींनी मुलांची शाळा चालू ठेवली आहे. परंतु यंत्रापुढे बाई एकटी बसते, तर गोधडीभोवती चौघी बसतात, आणि ज्या बाईचे माणूस गेले आहे तिला पैशाइतकीच त्या उरलेल्या तिघींची गरज असते. बचतगटांच्या प्रदर्शनांतून गोधडीला शहरी गिऱ्हाईक मिळू लागले आहे, तेव्हा हे काम गटाने करता येणे शक्य आहे. अट एवढीच की तिचा दर टाके मोजून ठरावा, कारण मोठी गोधडी शिवायला कित्येक दिवस जातात आणि ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ हा प्रश्न विचारणारा कापड पाहतो, श्रम पाहत नाही. कापडाचीही अडचण आहे. घरोघरी नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या आल्या, त्या घाम टिपत नाहीत, एकावर एक ठेवल्या की घसरतात आणि जुन्या झाल्या तरी मऊ पडत नाहीत. एकेकाळी हातमागाच्या साड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नगर-भिंगार परिसरात गोधडीसाठी सुती लुगडे शोधावे लागावे, हे मनाला लागते.

ज्यांच्या नावाने २०२४ पासून हा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये जन्मल्या, आणि १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडल्यावर त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले. पुढे त्यांनी राज्य चालवले आणि नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी केल्यावर तिथे विणकर आणून वसवले, त्यातूनच महेश्वरी साडी नावारूपाला आली आणि तिचे माग आजही चालू आहेत. जिल्ह्याने एका विधवेचे नाव धारण केले आहे. ते नाव घेताना तिच्या घाटांबरोबर आणि देवळांबरोबर तिने उभे केलेले मागही आठवायला हवेत.

भाद्रपद सरता सरता, घटस्थापनेच्या आधी, घरातील सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची रीत आहे. प्रवरेच्या, मुळेच्या किंवा सीनेच्या काठी, जिथे पाणी असेल तिथे, बाया गोधड्या घेऊन जातात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, म्हणून दोघी दोन टोके धरून ती पिळतात आणि खडकावर उन्हात पसरतात. पाण्याने रंग उठून दिसतात आणि एरवी कोणाच्या लक्षात न येणारे ठिगळ त्या दिवशी स्पष्ट होते. तेव्हा थोरली बाई धाकटीला बोटाने दाखवून सांगू लागते, हे आत्याबाईंच्या लुगड्याचे, हा काठ तुझ्या आजेसासूच्या इरकलीचा, हे धोतर तात्यांचे. आणि ओले कापड वाळेपर्यंत एकेक नाव घेतले जाते.