बॉनेटखालची आवराआवर

कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मोटारीचे बॉनेट उघडले, तर प्रत्येक तारेला आणि नळीला ठरलेली जागा असते. पुढे मालक हौशी निघाला की या सुव्यवस्थेला ग्रहण लागते. जादा हॉर्न, फॉगलॅम्प, ॲम्प्लिफायर, बाहेरून बसवलेला सीएनजी किट अशी भर पडत जाते. मालक बदलला की हॉर्न निघतो. तार मात्र लोंबत राहते. व्यापारी घरांना उचंत खाते परिचित आहे. रक्कम कोणाची ते उमगत नाही, म्हणून कोणी तिला हात लावत नाही. मॉडिफाइड गाडीतील तारांचे नेमके तसेच होते.

ही अडगळ नाहीशी करण्याची अमेरिकेतील हौशी मंडळींनी एक कलाच करून टाकली. १९९० च्या दशकातील होंडा सिव्हिक ही त्यांची लाडकी गाडी. वायरिंग मडगार्डच्या पोकळीतून फिरवायचे, बॅटरी डिकीत न्यायची, पत्र्यावरील रिकामी भोके वेल्डिंगने बुजवायची आणि सारा खण एका रंगात रंगवायचा. कित्येक जण वातानुकूलन, इतकेच काय, एबीएसही काढून टाकतात. छायाचित्रात इंजिन मोठे देखणे दिसते, यात शंका नाही.

परंतु येथे लपवणे आणि कमी करणे यांची गल्लत होते. मडगार्डमध्ये दडवलेल्या तारांची संख्या एकानेही घटत नाही. उलट लांबी वाढते, जोड वाढतात आणि बिघाड शोधण्यासाठी मडगार्ड खोलावे लागते. अपरिग्रह व्रताचा अर्थ जाणणाऱ्या वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

घरच्या गाडीला हवी ती आवराआवर साधी असते. प्रथम सर्व जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत, मग बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. प्रत्येक जादा तार दोन्ही टोकांपर्यंत शोधावी. जिला पलीकडे काहीच उपकरण नाही, ती मुळापासून काढावी. केवळ कापून टेप गुंडाळू नये. ज्या तारा राहतील त्यांना बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त नळ्यांपासून त्या दूर बांधाव्यात. फ्यूज नसलेली तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडी उभ्या जागी पेट घेऊ शकते. एअरबॅगचे सेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि गॅसची जोडणी यांना मात्र घरच्या माणसाने हात लावू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, कायद्याने मान्य नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी किटची नोंद आरसी पुस्तकात आणि विमा पॉलिसीत, दोन्हीकडे हवी. हप्त्यातले चार पैसे वाचवण्यासाठी ती टाळणारे दाव्याच्या वेळी पस्तावतात.

आवराआवरीचे खरे महत्त्व जैन घराला जाणवते ते आणखी एका कारणाने. धान्य किंवा गुळाच्या गोदामापाशी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात. तारांच्या गुंत्यात आणि विंडस्क्रीनखाली साचलेल्या पानांत त्यांना ऊबदार घर मिळते. ॲम्प्लिफायरची तार आत नेण्यासाठी पाडलेले, रबरी ग्रोमेट न बसवलेले भोक हा त्यांचा राजमार्ग. तारा कुरतडल्या गेल्या की गॅरेजवाला सहजपणे विषाच्या गोळ्या सुचवतो. चिकट सापळा तर त्याहून क्रूर. हिंसेचा हा प्रश्न आधीच टाळता येतो. गुंता काढावा, भोके ग्रोमेटने बंद करावीत, पानकचरा झाडावा, सांडलेले दाणे वेचावेत. पिल्ले आढळली तर एकदोन दिवस गाडी न काढणेच बरे.

थंडीच्या रात्री मांजरेही इंजिनाच्या उबेला येऊन बसतात. वस्त्रपात्रांचे पडिलेहण करून मगच ती वापरण्याची साधु-साध्वींची रीत येथेही उपयोगी पडते. दुकान उघडायला उशीर होत असला, तरी बॉनेटवर दोनदा थाप मारावी, क्षणभर थांबावे आणि मगच किल्ली फिरवावी.