कासरा कुणाच्या हाती?

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार असतो. पण आसपासच्या गावांत खरी धांदल पशुप्रदर्शनाची. लालकंधारी, देवणी जनावरं रिंगणात उतरतात, नंबर आला की मालकाच्या डोक्याला फेटा बांधतात. पण त्या जनावराचं सगळं करतं कोण?

आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी आपली लालकंधारी कालवड दसऱ्यापासूनच तयार करायला घेतली. मी गेले, तेव्हा त्या खरारा करत होत्या. मी विचारलं, "काकू, आत्तापासून?" त्या म्हणाल्या, "ताई, जनावर काय एका रातीत सजतंय व्हय? पोरीच्या लग्नागत तयारी करावी लागते."

खरंच, चकाकी वरून लावता येत नाही, ती आतून यावी लागते. आधी डॉक्टरांकडून जंतनाशक. मग ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, हिरवा चारा, करडईची किंवा जवसाची पेंड, भरडा आणि क्षारमिश्रण. खुराक वाढवायचा तो हळूहळू. यात्रा जवळ आली म्हणून एकदम भरडा वाढवला, तर पोट फुगतं, जनावर आडवं होतं. लसीकरण तर चुकवूच नये. 2022 साली लम्पी आला, तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती, आठवतंय ना?

काकू कपड्याची पावडर अंगाला लावत नाहीत, त्यानं कातडी कोरडी पडते. तेलही चोपडत नाहीत, धूळ चिकटते. साधं पाणी, खरारा आणि शेवटी ओलं फडकं. परीक्षक बघतात ते जातिवंत रूप: एकसारखा गडद लाल रंग, डोळ्यांभोवतीची काळी कडा, लांब कान, चाल. रंगरंगोटीला तिथे किंमत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची, सवय. रोज संध्याकाळी कासरा धरून फिरवायचं, चारी पाय नीट ठेवून उभं करायचं. लाऊडस्पीकरला बुजू नये म्हणून काकू गोठ्यात मोबाइलवर गाणी लावायच्या!

प्रदर्शनाच्या दिवशी मात्र कासरा काकांच्या हातात. काकू दोरीच्या बाहेर, डोक्यावर पदर घेऊन बायकांत उभ्या. कालवड रिंगणात आली आणि अडून बसली. काकांनी ओढलं, चुचकारलं, पण ती हलेना. शेवटी तेच ओरडले, "अगं, ये की इकडं!" काकू लाजत आत गेल्या, मानेवरून हात फिरवला आणि कालवड त्यांच्या मागे शहाण्या लेकरासारखी चालू लागली. दुसरा नंबर आला. फेटा आणि प्रमाणपत्र काकांना. अर्जावर नाव त्यांचंच होतं.

परतताना काकू हळूच म्हणाल्या, "नावाचं काय ताई, जनावर वळखतंय की मला."

जनावर ओळखतं, पण कागद ओळखत नाही ना! कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद मालकाच्या नावावर होते. विमा, कर्ज, सगळीकडे मालकी विचारतात. म्हणून मैत्रिणींनो, गोठा तुम्ही सांभाळत असाल, तर निदान एका जनावराची नोंद तुमच्या नावावर करून घ्या. आणि प्रदर्शनाचा अर्जही तुमच्याच नावाने भरा.

यंदाच्या अर्जावर काकूंचं नाव आहे. ते काकांनीच लिहिलंय.