रेंडरला लावलंय, म्हणजे नेमकं काय चाललंय?

तुळशीचं लग्न लागलं की उपनगरांतल्या व्हिडिओ-मिक्सिंगवाल्यांचा सीझन सुरू होतो. अंधेरीत आरामनगर, वीरा देसाई रोड या पट्ट्यात वेब सिरीज आणि जाहिरातींचं एडिटिंग चालतं. बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडे मात्र फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर नाहीतर घरातल्याच एका खोलीत लग्न, मुंज, डोहाळजेवण, झालंच तर कालिदास नाट्यमंदिरात झालेलं कुणाच्या तरी लेकीचं अरंगेत्रम. कामाचा बाज वेगळा, पण स्क्रीनवर मुंगीच्या पावलांनी सरकणारी पट्टी दोन्हीकडे तीच. ‘रेंडरला लावलंय’ म्हटलं की पार्टीही, म्हणजे गिऱ्हाईकही, निमूट फोन ठेवते. त्या पट्टीमागे काय चाललेलं असतं याबद्दल पार्टीच्याच नव्हे, बऱ्याच एडिटरांच्या डोक्यातही भलत्याच समजुती आहेत.

सगळ्यांत रुजलेली समजूत अशी की रेंडरमध्ये व्हिडिओ ‘चांगला होतो’. होत नाही. रेंडर हे बरंचसं फेकून देण्याचं काम आहे. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका फ्रेमला साधारण 62 लाख बाइट लागतात. सेकंदाला 25 फ्रेम या हिशेबाने एका तासाचं लग्न 560 जीबीच्या घरात जातं. पार्टीच्या हातात पडते ती फाईल असते साडेतीन-चार जीबीची. म्हणजे दीडशे भागांतला एखादाच भाग शिल्लक राहतो, आणि तरीही नवरीच्या शालूचा काठ ओळखू यावा लागतो. सॉफ्टवेअर आधी कॅमेऱ्याची फाईल उलगडतं, त्यावर रंग, टायटल, इफेक्ट चढवतं आणि मग एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच नोंदवत पुन्हा घडी घालतं. स्टेजमागचा फुलांचा पडदा हलत नाही, तो पुन्हा पुन्हा लिहायची गरज नाही. अक्षता उडतात त्या क्षणी मात्र हजारो ठिपके एकदम जागा सोडतात, आणि हात आखडून केलेल्या रेंडरमध्ये चित्राचे चौकोन पडतात ते नेमके तिथेच.

आता कॅसेटवाल्यांकडे वळू. पंचविसावा वाढदिवस जवळ आला की जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट बाहेर निघते आणि ‘एचडी करून द्या’ अशी ऑर्डर येते. ती कॅसेट संगणकावर घेतली की चित्र मिळतं 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 बिंदू. फुल एचडीच्या बरोब्बर एक पंचमांश. एक्सपोर्टच्या खिडकीत 1920 गुणिले 1080 निवडलं की फाईल एचडी होते खरी, पण पाचातले चार बिंदू आजूबाजूचं बघून अंदाजाने भरलेले असतात. शिवाय व्हीएचएसच्या टेपवर मुळात तेवढाही तपशील नसतो. अलीकडची एआयची साधनं हा अंदाज फार देखणा करतात, इतका की आत्याबाईंच्या नथीत कधीच नसलेले मोती उगवू शकतात. घरच्यांना ते आवडत असेल तर बोलणारे आपण कोण!

दुसरी हाव बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा त्या आकड्याची. आकडा वाढवला की चित्र सुधारतं, हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे. 1080चा साधा 25 किंवा 30 फ्रेमचा व्हिडिओ चढवताना यूट्यूब स्वतः 8 एमबीपीएस सुचवतं. 8 मेगाबिट म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, तासाला 3.6 जीबी. 50 एमबीपीएसची फाईल चढवली तरी यूट्यूब ती आपल्या पद्धतीने पुन्हा आवळतंच. भरघोस फाईलने तिथे थोडा फायदा होतो, पण प्रेक्षकाला दिसते ती यूट्यूबने बनवलेली प्रत. ही प्रत तयार व्हायलाही वेळ लागतो. अपलोड झाल्या झाल्या न्यू जर्सीच्या काकांनी लिंक उघडली तर चित्र धुरकट दिसतं आणि रात्री अकराला एडिटरला फोन येतो. रेंडर बिघडलेलं नसतं, एचडी प्रत अजून बनायची असते.

व्हॉट्सॲपचंही तेच. ऑगस्ट 2023मध्ये तिथे व्हिडिओला ‘एचडी’ असा पर्याय आला, तो 720चा, 1080 नव्हे. अख्खी फाईल न आवळता पाठवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, त्याला 2 जीबीपर्यंत मुभा आहे. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप हायलाइट्समध्ये घालून पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्यांना काय सांगावं? प्रत्येक फेरीत थोडं चित्र झिजतं.

मग येतो लॅमिंग्टन रोड. रेंडर हळू झालं की तिथून महागडं ग्राफिक्स कार्ड आणायचं, हा उपनगरी धंद्यातला ठरलेला उपाय. कधी तो लागू पडतो, कधी पैसे वाया. रंग बदलणं, धूसर करणं असली कामं कार्ड झपाट्याने करतं. इंटेलचं क्विक सिंक 2011मध्ये आणि एनव्हिडियाचं एनव्हीएन्क 2012मध्ये आल्यापासून शेवटची घडी घालायलाही वेगळा हार्डवेअर विभाग मिळाला. पण सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय निवडलेलाच नसेल, किंवा फुटेज संथ हार्डडिस्कवरून येत असेल, तर कार्ड बिचारं हातावर हात ठेवून बसतं. बंद खोलीत मे महिन्यात तापलेला लॅपटॉपही स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तिथे नव्या कार्डापेक्षा पंख्यातली धूळ झाडणं स्वस्त पडतं. आणखी एक: तेवढ्याच बिटरेटमध्ये हार्डवेअरची झटपट घडी बहुधा सॉफ्टवेअरच्या संथ घडीपेक्षा थोडी कमी सफाईची असते. नव्या चिपांत हा फरक बराच मिटला आहे.

टाइमलाइनवरची लाल रेघ म्हणजे बिघाड नव्हे. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती एवढंच सांगते की हा तुकडा न अडखळता चालवून बघायचा तर आधी तात्पुरता रेंडर करा. एक्सपोर्टआधी अख्खी टाइमलाइन हिरवी करत बसणाऱ्यांची मेहनत, प्रिव्ह्यू वापरण्याचा पर्याय निवडलेला नसेल तर, शेवटच्या फाईलच्या कामी येत नाही. तसंच प्रॉक्सीचं. हलक्या प्रतींवर कापाकापी केली तरी एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतं. चित्र उतरेल ही भीती अनाठायी आहे.

फ्रेमरेटचं दुखणं मात्र खरं आहे, फक्त त्याचा दोष भलतीकडे जातो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आणि टीव्हीची परंपरा 25 फ्रेमची, म्हणून स्टुडिओचा कॅमेरा 25वर असतो. भाच्याचा मोबाइल 30वर. दोन्ही 25च्या टाइमलाइनवर आले की मोबाइलच्या क्लिपमधली दर सहावी फ्रेम गळते आणि वरातीतला नाच अडखळतो. एक्सपोर्ट 60 फ्रेमला केल्याने तो गुळगुळीत होत नाही, असलेल्याच फ्रेम कमीजास्त वेळा उगाळल्या जातात. शिवाय मोबाइल फ्रेमरेट एकसारखा धरत नाही, प्रकाश पाहून बदलतो. त्यामुळे पहिल्या मंगलाष्टकाला जुळलेले ओठ पाचव्याला आवाजाच्या मागे पडलेले असतात. अशी क्लिप आधी हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून स्थिर फ्रेमरेटला आणून मगच टाइमलाइनवर घ्यावी.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरमधून एचडी निघत नाही’ हेही ऐकू येतं. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती 3840 गुणिले 2160पर्यंत, सेकंदाला 60 फ्रेमने, वॉटरमार्कशिवाय एक्सपोर्ट करते. सॉफ्टवेअर नवंकोरंच हवं असंही नाही. ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’ हा चित्रपट फायनल कट प्रो 7वर कापला गेला, ॲपलने ज्याची विक्री 2011मध्येच थांबवली होती. एडियससारख्या विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी शोधत फिरण्यात जाणारा वेळ या माहितीने वाचू शकेल.

सगळं नीट जमलं तरी पेनड्राइव्ह दगा देतो. 32 जीबीचा, कोरा, तरी साडेचार जीबीची फाईल ‘मोठी आहे’ म्हणून नाकारतो. कारण फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाईल 4 जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. एक्सफॅटला तो प्रश्न नाही, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत.

आणि वीज. मुलुंडला महावितरण, अंधेरी-बोरिवलीला अदानी, पण झटका कुठेही बसू शकतो. 98 टक्क्यांवर वीज गेली तर ‘निदान तेवढं तरी मिळेल’ असं वाटतं, पण मिळत नाही. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका एमपी4 फाईलमध्ये बहुधा सगळ्यांत शेवटी लिहिली जाते. ती नसेल तर तीन जीबी डेटा डिस्कवर असूनही प्लेअर फाईल उघडत नाही. घरगुती यूपीएस काही मिनिटं धरतो, तीन तासांचं रेंडर नाही. म्हणून जाणते एडिटर मेंदी, हळद, लग्न, रिसेप्शन असे वेगवेगळे तुकडे रेंडर करतात. वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा लावावा लागतो, आणि प्रत्येक तुकडा 4 जीबीच्या आत बसला की जुन्या टीव्हीचाही प्रश्न सुटतो.